खाडी कोमट झाली तो शुक्रवार

तांगविगच्या तंत्रशाळेत शुक्रवारी सकाळच्या सुट्टीत केक असतो. वाढदिवसाचा नव्हे. आठवडाभरात ज्याने काही बिघडवलं असेल त्याने तो घरी भाजून आणायचा, लांब टेबलाच्या टोकाला उभं राहायचं, काय बिघडवलं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं आणि मग सुरी चालवायची. याला चुकल्याचा केक म्हणतात. देशात इतरत्र हीच पद्धत बिअरवर भागवतात, पण तांगविगमध्ये बिअर पाजणं ही शिक्षा आहे असं कोणालाच पटवून देता आलं नाही.

नियम दोनच. विकतचा केक चालत नाही. तो आणणं हीच दुसरी चूक धरली जाते आणि पुढच्या शुक्रवारी तिचा वेगळा केक लागतो. आणि केक खाऊन झाला की त्या चुकीचा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. अगदी लग्नातही नाही.

ही पद्धत शाळेत आणली टॉर्किल नॉरबेकने. हा उंच, वाकलेला, कायम खिशात काहीतरी शोधत असलेला मास्तर पूर्वी बर्फखान्याची यंत्रं शिकवायचा. बंदरावर मासळी उतरायची, तिला बर्फ लागायचा, आणि बर्फाला माणसं. मग मासळी कमी झाली, बर्फखान्याला कुलूप लागलं आणि पन्नाशीतल्या टॉर्किलला सरकारने एका अभ्यासक्रमाला धाडलं. तिथून परत आल्यावर तो हीट पंप शिकवू लागला. समुद्राच्या पाण्यातली ऊब ओढायची आणि गावातल्या घरांना द्यायची. यंत्र जवळपास तेच होतं. पूर्वी त्याने मासळी थंड ठेवली, आता माणसं गरम ठेवायची. माणसं जास्त तक्रार करतात, एवढाच फरक, असं टॉर्किल म्हणायचा.

त्याच्या वर्गात नऊजण होते आणि त्या नऊजणांच्या डोक्यावर एक प्रश्न टांगलेला होता. हा धंदा नुसत्या शाळेत पुरा होत नाही. अर्धं शिक्षण एखाद्या कारखान्यात, उमेदवार म्हणून घ्यावं लागतं. तांगविगमध्ये तसा कारखानाच नव्हता. आता अख्ख्या गावाला पुरतील असे मोठे पंप बनवणारी एक कंपनी खाडीकाठी जागा शोधत होती. एक तर तांगविग, नाही तर पलीकडच्या काठावरचं सांदकेर. कंपनी इकडे आली तर नऊजणांची सोय होणार होती आणि पुढच्या वर्षी नवा वर्गही भरणार होता. तिकडे गेली तर उन्हाळ्यात वर्ग बंद, आणि कार्यशाळेच्या जागी ताणमुक्ती कक्ष. तसा ठराव तयारच होता. कोणाचा ताण, ते ठरावात लिहिलेलं नव्हतं.

टॉर्किलला स्वतःची काळजी नव्हती. तो निवृत्तीला आला होता आणि त्याच्याकडे एक गळकी होडी होती. पण इतकी वर्षं त्याने पोरांच्या हातात चांगलं कसब दिलं, आणि ते कसब घेऊन पोरं दूरच्या ओऱ्हुस शहराच्या बसमध्ये चढली. नाताळला ती परत यायची, जिभेवर शहरी हेल चढवून. बसथांब्यावर उभं राहून हात हलवण्याचा त्याला कंटाळा आला होता.

कंपनीची माणसं पाहणीला येणार होती, आणि नेमकी शुक्रवारी. त्याच्या आदल्या सोमवारी नगरपालिकेची विकासप्रमुख वीबेका स्टाम्पे कार्यशाळेत आली. वीबेका कष्टाळू बाई. गावाचं भलं व्हावं अशी तिची मनापासून इच्छा होती, आणि ते होईपर्यंत निदान फलक तरी लागावेत असा आग्रह.

"टॉर्किल, या शुक्रवारी केक नको."

"का? पाहुण्यांना साखर आहे?"

"केक चालेल रे. केकच्या आधीचं भाषण चालणार नाही. कंपनीची संचालिका समोर बसलेली, आणि तुझी पोरं एकेक उठून सांगणार, मी हे फोडलं, मी ते जाळलं."

"जाळलं कोणी नाही. धूर आला होता फक्त."

"सांदकेरवाल्यांनी पुस्तिका छापलीय. गुळगुळीत कागद. तीत एक चूक सापडत नाही."

"तीत एक विद्यार्थीही सापडत नाही. पाहिली मी. मुखपृष्ठावर जी मुलगी हसतेय तिला मी दातांच्या जाहिरातीत पाहिलंय."

"तेच म्हणतेय मी," वीबेका म्हणाली. "असे दात आपल्याकडे कुठायत?"

टॉर्किलने खिशात काहीतरी शोधलं, ते सापडलं नाही, आणि त्याने होकार दिला. दुपारी त्याने वर्गाला सांगितलं.

"म्हणजे या आठवड्यात काही चुकलं तर?" सोल्वाय बिस्गोरने विचारलं. ही वर्गातली सगळ्यात नेमक्या हाताची मुलगी. तिचे आजोबा बर्फखान्याचं यंत्र सांभाळायचे आणि शाळेच्या सुट्ट्या तिने त्यांच्या मागे पाना घेऊन हिंडण्यात घालवल्या होत्या.

"चुकू नका," टॉर्किल म्हणाला.

"हे तू आम्हाला पहिल्यांदाच सांगतोयस."

"आणि माझी आई?" मागून इद्रीस म्हणाला. इद्रीसचे आईबाप सोमालियातून आले होते. केकऐवजी सामोसे चालतील की नाही यावर वर्गात रीतसर मतदान झालं होतं आणि ते एकमताने चालले होते. तेव्हापासून इद्रीसच्या हातून काहीतरी बिघडावं अशी अख्ख्या वर्गाची इच्छा असायची. "तिने सारण करून ठेवलंय."

"तू अजून काही बिघडवलं नाहीस ना?"

"नाही. पण तिला खात्री आहे."

पाहुण्यांना दाखवायचा पंप पोरांनी स्वतः जुळवलेला होता. धक्क्याला लागून एका टपरीत तो बसवला होता. खाडीचं पाणी आत घ्यायचं, त्यातली ऊब काढायची, ती शाळेच्या कॅन्टीनला द्यायची आणि गार झालेलं पाणी परत खाडीत सोडायचं. शेवटची जोडणी गुरुवारी संध्याकाळी सोल्वायने केली. शुक्रवारी पहाटे पंप आपोआप सुरू होणार होता, म्हणजे पाहुणे येईपर्यंत कॅन्टीन उबदार. सकाळी टॉर्किल एकदा सगळं तपासून बघणार होता.

सकाळी वीबेकाने त्याला नगरपालिकेत बोलावून घेतलं. स्वागताच्या भाषणाची तालीम होती. "हरित भविष्य" म्हणताना तो हसत नाही अशी तिची तक्रार होती. तो हसला. मग ती म्हणाली, नको, आधीचंच बरं होतं. यात तपासायची वेळ निघून गेली.

टॉर्किल कॅन्टीनच्या दारात पोचला तेव्हा स्वयंपाकीण इंगर लोकरी टोपी घालून पाव मांडत होती.

"तुझी करवत दे," ती म्हणाली. "लोणी कापायचंय."

आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. मार्च महिना, पश्चिमेचा वारा, आणि तरीही बाहेर बरं वाटत होतं. टॉर्किलने भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला आणि चटकन काढून घेतला. लोखंड गारढोण होतं. टपरीकडे धावावं म्हणून तो वळला, तोच वीबेका पाहुण्यांना घेऊन आत आली.

पाहुणे दोनच होते. संचालिका आस्ता रोव्सिंग, आखूड पांढरे केस, कमी बोलणारी. आणि तिचा इंजिनियर, जो बिलकुल बोलत नव्हता. दोघांनी कोट काढले नाहीत. पोरं समोर रांगेने बसली होती, हात काखेत दाबून. वीबेका भाषणाला उभी राहिली. ती नव्या उद्योगांबद्दल बोलली, पोरांच्या उद्याबद्दल बोलली, आणि तांगविगच्या माणसांमधल्या उबेबद्दल तर फारच सुंदर बोलली. प्रत्येक वाक्यासोबत तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

इंजिनियरने घसा साफ केला. "इथे शीतगृहाचीही सोय आहे का?"

वीबेका क्षणभरच थांबली. "हो तर. उन्हाळे वाढतायत. आम्ही पुढचा विचार करतो. आज मुद्दाम थंडाव्याचं प्रात्यक्षिक ठेवलंय."

"मार्चमध्ये?" आस्ताने विचारलं.

"पुढचा म्हणजे बराच पुढचा."

आस्ताने मान हलवली. इंजिनियरनेही हलवली. टॉर्किलला वाटलं, हे खपलं. त्याने सोल्वायकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि मांडीवर तिची बोटं एक न दिसणारी चावी फिरवत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. तेव्हाच त्याला सगळं कळलं. झडप उलटी बसली होती. ऊब चालली होती खाडीत आणि गारवा येत होता इकडे. दोनेक तासांत पाहुणे जातील, मग आपण गुपचूप सरळ करू, असं त्याने मनात ठरवलं आणि तो गप्प राहिला. आपण गप्प राहतोय हे त्याला स्वतःला नीट ऐकू येत होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि न्हाणीतला मोठा झगा घातलेली, ओल्या केसांची म्हातारी केटी आत आली. केटी म्हणजे हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळाची अध्यक्ष. हे मंडळ रोज सकाळी धक्क्याच्या शिडीवरून बर्फासारख्या पाण्यात उतरतं आणि नंतर दिवसभर इतरांना त्याबद्दल सांगतं. अंगाची वाफ निघत असलेली, त्या खोलीतली ती एकटीच सुखी व्यक्ती होती.

"टॉर्किल, आभार मानायला आले," ती म्हणाली. "शिडीपाशी पाणी आज काय मस्त कोमट आहे. आमचा उल्फ बाहेरच यायला तयार नाही. तुमचा तो नळ आहे ना, त्याखाली बसलाय. पण मंडळात आता वाद लागलाय. याला हिवाळी पोहणं म्हणायचं का? बोधिलने तर राजीनामा दिला."

इंजिनियर आपल्या बुटांकडे बघू लागला. तो हसू दाबतोय हे त्याच्या कानांवरून दिसत होतं.

सोल्वाय उठली. लांब टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथे केक नव्हता, म्हणून हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिने ते लोण्याच्या ताटलीच्या दोन बाजूंना ठेवले.

"मी सोल्वाय. झडपेची जोडणी काल मी केली. उलटी केली. मी बर्फखान्यात जोडायला शिकले. तिथे खोलीकडची बाजू गार ठेवायची असते, दुसरं काही कोणी करतच नाही. काल हाताने तेच केलं आणि मी हाताला विचारलं नाही. पहाटेपासून आपण खाडी तापवतोय. केक आज बंद आहे, म्हणून सोमवारी आणते. खोबऱ्याचा."

ती बसणार, तोच टॉर्किल उठला. त्याने वीबेकाकडे पाहिलं नाही.

"मी टॉर्किल. तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. हा एक. आणि गेली काही मिनिटं मला हे ठाऊक होतं आणि मी तोंड मिटून बसलो होतो. हा दुसरा. दोन केक. माझा केक कसा होतो ते पोरांना माहीत आहे, त्यांची क्षमा मागतो."

"मनुके टाकू नकोस," इद्रीस म्हणाला.

आस्ता रोव्सिंगने पोरीकडे पाहिलं. "सरळ करायला किती वेळ?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

"आधी दाब उतरू देणार ना?"

सोल्वाय विचार करून म्हणाली, "मग जेवणानंतर."

"चल, बघू दे."

टपरीत जागा कमी होती, म्हणून वीबेका बाहेर वाऱ्यात थांबली आणि तिच्यासोबत केटी, जी तिला हिवाळी पोहण्याचे फायदे समजावत होती. आत सोल्वाय प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करत होती आणि दुसरा कोणीतरी ती पुन्हा बोलून तपासत होता. दाब उतरला. झडप फिरली. इद्रीसने खोलीकडच्या नळावर तांबडा पट्टा ओढला, जाड, म्हणजे बर्फखान्याच्या नातीलाही दिसेल असा. सोल्वायने त्याच्या पायावर पाय दिला. आस्ता पोरांना एकच प्रश्न विचारत होती. आतापर्यंत कशाकशाचे केक आणलेत? पोरं सांगत गेली. याल्ते नावाच्या एका आडदांड मुलाने शाळेची वीज घालवली होती, त्याचा दालचिनीचा. एकाने पाण्याचं मोजमाप चुकवून तळघर भरलं होतं, त्याचा सफरचंदाचा. इंजिनियर आता बोलू लागला होता. त्याने सफरचंदाच्या केकची कृती विचारली.

दुपारी कॅन्टीनमधलं लोणी मऊ झालं. आस्ताने कोट काढून खुर्चीच्या पाठीला टांगला. शिडीपाशी पाणी पुन्हा गार पडल्याची तक्रार घेऊन उल्फ स्वतः येऊन गेला, आणि बोधिलने राजीनामा मागे घेतला.

निघताना दारात, वारा तोंडावर घेत आस्ता म्हणाली, "वाईट नव्हतं."

ती गाडी वळणाआड जाईपर्यंत वीबेका हात हलवत राहिली. मग म्हणाली, "वाईट नव्हतं, म्हणाली. हे फार चांगलं आहे ना?"

"कशाबद्दल म्हणाली त्यावर आहे," टॉर्किल म्हणाला. "हवेबद्दलही असेल."

सोमवारी सोल्वायचा खोबऱ्याचा केक आला. टॉर्किलचे दोन आले आणि त्यातला एक उरला. सुट्टी संपत आली तेव्हा वीबेका हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. टेबलाच्या टोकाला उभी राहून, भाषणासारखं नव्हे, भराभर म्हणाली, "मी वीबेका. थंडाव्याचं प्रात्यक्षिक. तुम्हाला माहीत आहे." केकचं बूड करपलं होतं. पोरांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. त्यानंतर त्या प्रात्यक्षिकाचा विषय कोणी काढला नाही.

कंपनीकडून मात्र काही येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. इंगरच्या बहिणीने पलीकडून कळवलं की सांदकेरला एका माळावरची झुडपं तोडणं चालू आहे. ही झुडपं कशासाठी तोडतात ते इंगरच्या बहिणीला ठाऊक नव्हतं, पण सांदकेरवाले तोडताना हसत होते म्हणे. टॉर्किल शिकवत राहिला. झडप कशी बसवायची ते त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि ते शिकवताना त्याला दिसत होतं की ओऱ्हुसच्या बसचं वेळापत्रक कोणीतरी वर्गाच्या दाराला लावून ठेवलंय. याल्तेने लावलं होतं. त्याने कोणाच्या मनाला लागावं म्हणून लावलं नव्हतं, बस बघायची म्हणून लावलं होतं. तेच जास्त लागत होतं. सोल्वायने त्यातल्या सकाळच्या बसखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी, केकची सुट्टी ऐन रंगात आली असताना दार उघडलं आणि आस्ता रोव्सिंग एकटीच आत आली. हातात पांढरा खोका होता. तिने कोणाला नमस्कार केला नाही. इद्रीस सामोसे घेऊन टेबलाच्या टोकाला उभा होता, त्याला तिने हाताने थोडं बाजूला सारलं आणि त्याच्या जागी उभी राहिली.

"मी आस्ता. तुमच्याकडे येण्याआधीच मी सांदकेरला तोंडी हो म्हणून बसले होते. ती पुस्तिका बघून. इथे मी नुसती रीत म्हणून आले होते. तिकडे जाऊन सांगितलं की माझी चूक झाली. त्यांनाही केक नेला होता. त्यांनी खाल्ला नाही."

खोलीत कोणीतरी पेला खाली ठेवला.

"मागच्या हिवाळ्यात आमच्या एका उमेदवाराने चूक लपवली," ती पुढे म्हणाली. "चांगलं पोरगं होतं. घाबरलं होतं. चूक कळली तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि एक अख्खी वस्ती गार पडली होती. म्हातारी माणसं होती त्यात. तेव्हापासून मी शोधतेय की माणसं चूक बोलतात कुठे. कारखाना इथे उभा राहील. नऊच्या नऊ घेते. सांदकेरच्या पोरांनाही जागा आहे, त्यांना सकाळच्या बसने यावं लागेल. माझी अट एकच. हे टेबल तिकडेही लागेल."

टेबल नुसतं लांब होतं आणि त्याचा एक पाय हलत होता, पण टॉर्किलला तिचा अर्थ कळला. त्याने खिशात काहीतरी शोधायला सुरुवात केली. बराच वेळ शोधत राहिला, खाली मान घालून. हा घे रुमाल, असं शेवटी इंगर त्याला म्हणाली आणि तिने स्वतःचा दिला.

सोल्वाय उठून दाराकडे गेली, ते वेळापत्रक काढून तिने नीट घडी घातली आणि खिशात टाकली. सांदकेरवाल्यांना लागेल, म्हणाली.

आस्ताने खोक्याची दोरी सोडली. झाकण उघडलं तशी इद्रीसची मान पुढे आली. मग त्याने झाकणाच्या आतल्या बाजूचा सोनेरी शिक्का पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"हा बेकरीतला आहे," तो म्हणाला.

"हो. फार चांगली बेकरी आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाला सांगावंसं वाटेना. नऊजणांची पोटं नुकतीच जिच्या हातात गेली होती तिला हे सांगायचं म्हणजे अवघडच. शेवटी सोल्वाय म्हणाली, "चांगला असेल. पण विकतचा चालत नाही. तो आणला की दुसरी चूक धरतात."

"मग आता?"

"मग पुढच्या शुक्रवारी पुन्हा यायचं. घरी भाजून."

"मला भाजता येत नाही," आस्ता म्हणाली.

"सामोसे चालतात," इद्रीस म्हणाला. "मतदान झालंय. आई गुरुवारी दुपारी मोकळी असते."

"गुरुवारी," आस्ता म्हणाली, आणि तिने कोट काढून खुर्चीला टांगला.

इंगरने सुरी आणली. बेकरीचा केक खरोखरच चांगला होता, आणि हे सगळ्यांनी तोंड भरून मान्य केलं. तो संपल्यावर सांदकेरचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.